देशासाठी खेळ म्हणता, मग उचल कोण फेडणार?

मित्रांनो, आज जरा लांबलचक लिहितोय. वेळ असेल तरच वाचा, पण वाचायला घेतलंत तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात आमच्याकडच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जोरदार भांडण झालं. कारण तसं छोटंच. कबड्डीच्या जिल्हा निवड चाचणीआधी चार-पाच सराव सामने ठेवले होते. एका चांगल्या चढाईपटूने कळवलं, मी सराव सामन्यांना येणार नाय, थेट चाचणीलाच येईन. झालं! माज आलाय, पैशाच्या मागे लागलाय, गावोगावच्या बक्षिसाच्या स्पर्धा खेळायला बरा वेळ मिळतो, तालुक्याचं नाव काढायची वेळ आली की पाय दुखतो. शंभरेक मेसेज पडले. त्या पोराने एकालाही उत्तर दिलं नाही.

मीही काही लिहिलं नाही. कारण मला माझंच एक जुनं पाप आठवलं.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. पत्रकारितेचा डिप्लोमा करून आलेलो, एका पेपरला तालुक्याच्या बातम्या पाठवायचो. अंगात जोश होता. तेव्हा असंच एक सराव शिबिर लागलं होतं, दिवाळी झाल्यावर. चांगला खेळणारा एक पोरगा तीन दिवसांनी शिबिर सोडून गेला. मी चौकटीत बातमी लावली. शिबिराला दांडी मारणाऱ्या खेळाडूंना शिस्त लावा, असा मथळा. नाव छापलं नव्हतं, पण गावात कुणाचं ते सगळ्यांना कळलं.

पावसाच्या तोंडावर तो परत आला. एसटी स्टँडवर भेटला. रागावला नव्हता. नुसतं विचारलं, ''दादा, मी भट्टीवर गेलो नसतो तर बापाने घेतलेली उचल कोण फेडणार होता? तुमचा पेपर?''

जव्हार-मोखाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. वांगणी म्हटलं की लोकांना बदलापूरच्या पुढचं रेल्वे स्टेशन आठवतं. आमची वांगणी ती नाही. आमच्याकडे रेल्वे नाही. भात, नागली, वरई निघाली, दिवाळी झाली, की घरंच्या घरं कुलूप लावून वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे, कुठेकुठे. जाण्याआधी मालकाकडून उचल घेतलेली असते. ती सणात, आजारपणात, किराण्यात संपलेली असते. मग ती अंगमेहनतीने फेडायची. घरातला एक तरणा हात कमी पडला तर हिशेब पुढच्या वर्षावर जातो. ही उचल म्हणजे त्या पोराचा करार. त्यावर सही नसते, वकील नसतो, पण मोडला तर वसुली पक्की असते.

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज थोडं आहे, आणि ते मला बास्केटबॉल वाचता वाचता सापडलं. हसू नका. आमच्याकडे बास्केटबॉलची रिंग बघायची तर शोधावी लागेल, हे मलाही माहीत आहे. पण आमच्या ग्रुपवरचं भांडण जगातले सगळ्यात जास्त पगार घेणारे खेळाडू आणि त्यांचे मालक गेली कित्येक वर्षं भांडतायत.

त्यात एक धागा आपल्या मुंबईतून जातो. 4 आणि 5 ऑक्टोबर 2019 ला वरळीच्या सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियमच्या डोममध्ये अमेरिकेच्या एनबीए लीगचे दोन सामने झाले. सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. एनबीएचे संघ भारतात खेळायची ती पहिलीच वेळ. पहिला सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सने 132-131 असा एका गुणाने जिंकला. तरी तो गुणतक्त्यात कुठेच धरला नाही, कारण दोन्ही सामने मोसमाआधीचे सराव सामने होते. आणि त्यातल्या किंग्ज संघाचे प्रमुख मालक आहेत विवेक रणदिवे. मुंबईत जन्मलेले, शिकायला अमेरिकेला गेलेले, सॉफ्टवेअरच्या धंद्यात मोठे झालेले आणि 2013 मध्ये तो संघ विकत घेतलेले.

आता याच दोन संघांच्या दोन खेळाडूंची गोष्ट ऐका.

पहिला डीॲरन फॉक्स, तेव्हा किंग्जचा. 2019 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय संघ चीनमधल्या विश्वचषकाची तयारी करत होता. फॉक्स शिबिरात होता. कॅलिफोर्नियात स्पेनविरुद्धचा सराव सामना खेळला आणि संघ ऑस्ट्रेलियाला निघायच्या वेळी त्याने नाव मागे घेतलं. किंग्जच्या मोसमाची तयारी करायची आहे, एवढंच कारण. त्याच्याआधी कितीतरी मोठे खेळाडू असेच बाहेर पडले होते. उरलेला संघ मेलबर्नला पन्नास हजारांवर लोकांसमोर ऑस्ट्रेलियाकडून सराव सामना 98-94 असा हरला. सलग 78 विजयांची साखळी तिथे तुटली. पुढे विश्वचषकात अमेरिका सातवी आली. तिकडेही लोक आपल्या ग्रुपसारखेच बोलले. देशापेक्षा क्लब मोठा झाला काय, वगैरे.

गंमत बघा. जीव जपून घरी आलेल्या या फॉक्सचा घोटा नोव्हेंबरमध्ये किंग्जच्या रोजच्या सरावातच मुरगळला. महिनाभराहून जास्त तो बाहेर बसला. दुखापत अंगावरची जर्सी बघून येत नाही.

दुसरा पॉल जॉर्ज, तेव्हा पेसर्सचा सगळ्यात मोठा खेळाडू. 1 ऑगस्ट 2014, लास वेगास. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातल्याच खेळाडूंचे दोन गट करून आपापसात सामना ठेवला होता. हरलं-जिंकलं तरी काही फरक नाही. समोरचा खेळाडू पळत जाऊन बास्केट करतोय, त्याला अडवायला जॉर्जने उडी मारली आणि खाली येताना त्याचा पाय बास्केटच्या खांबाच्या बुडावर आदळला. नडगीची हाडं मोडली, जखम उघडी. सामना तिथेच थांबवला. तो खांब मैदानाच्या रेषेला नेहमीपेक्षा जवळ होता, अशी चर्चा नंतर खूप झाली.

जॉर्ज परत मैदानात आला तो एप्रिल 2015 ला. तोवर जवळजवळ अख्खा मोसम गेला होता. आदल्या वर्षी 56 सामने जिंकून पूर्व विभागात पहिला आलेला पेसर्स 38 विजयांवर घसरला आणि बाद फेरीतही पोचला नाही. तेव्हा डॅलसच्या संघाचे मालक मार्क क्युबन उघड म्हणाले, की जोखीम आमची आणि कमाई ऑलिम्पिक, विश्वचषकवाल्यांची. पगार आम्ही द्यायचा आणि पाय त्यांच्या मैदानात मोडायचा.

ऐकायला पैसेवाल्याची कुरकुर वाटते. पण मला त्यात आमच्या एसटी स्टँडवरचा प्रश्न ऐकू आला. उचल कोण फेडणार?

फरक कुठे आहे तर तिकडे या प्रश्नाला कागदावर उत्तर आहे. एनबीएचा खेळाडू देशाकडून खेळायला जातो तेव्हा त्याच्या क्लबच्या कराराचा विमा त्या देशाच्या संघटनेने उतरवायचा असतो. विम्याचं जमलं नाही तर खेळाडू थांबतो, आणि त्याला कुणी देशद्रोही म्हणत नाही. पॉल जॉर्जचा पाय मोडला, करार मोडला नाही. डॉक्टर, शस्त्रक्रिया, व्यायाम, पगार, सगळं चालू राहिलं. आणि त्याचा परिणाम काय झाला बघा. ज्या माणसाचा पाय देशाच्या सराव सामन्यात मोडला तोच माणूस 2016 ला रिओ ऑलिम्पिकमध्ये परत अमेरिकेची जर्सी घालून उतरला आणि सुवर्णपदक घेऊन आला. त्याचं देशप्रेम खरंच असेल. पण पडलो तर मला उचलून धरतील, हे त्याने एकदा अनुभवलेलं होतं. पुन्हा हो म्हणायला त्याचा उपयोग झालाच असणार.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं सोडा. ठीक आहे, आपल्या क्रिकेटकडे बघू.

नोव्हेंबर 2024. भारताचा संघ ऑस्ट्रेलियात पर्थला पोचला. पहिल्या कसोटीआधी आपल्याच खेळाडूंमध्ये सराव सामना खेळवला. त्यात झेल घेताना शुभमन गिलचा अंगठा मोडला आणि पर्थची कसोटी हुकली. नुकसान झालं, पण संघाचे डॉक्टर तिथेच होते. पुढच्या कसोटीला तो मैदानात होता.

त्याआधी मोहम्मद शमी. 2015 चा विश्वचषक तो दुखऱ्या गुडघ्याने खेळला. नंतर शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीचं आयपीएल गेलं. त्या बुडालेल्या कमाईपोटी क्रिकेट मंडळाने त्याला 2 कोटींहून जास्त रुपये भरपाई दिली. देशाच्या कामात गुडघा गेला, देशाच्या मंडळाने पैसे मोजले. मला हे बरोबर वाटतं. असंच व्हायला पाहिजे.

आणि आपला पालघरचा शार्दुल ठाकूर. किट घेऊन पालघरहून मुंबईची लोकल पकडणारा पोरगा. ऑक्टोबर 2018 ला हैदराबादला पहिली कसोटी खेळायला मिळाली आणि अवघे दहा चेंडू टाकून जांघेच्या दुखापतीने बाहेर गेला. दुसरा असता तर तिथेच संपला असता. तो उभा राहिला, कारण मागे उपचारांची अख्खी व्यवस्था होती. 2021 मध्ये ब्रिस्बेनला त्याच शार्दुलने 67 धावा केल्या, दोन डावांत मिळून सात बळी घेतले आणि भारताने मालिका जिंकली. पुढे जून 2025 मध्ये इंग्लंडला बेकेनहॅमच्या मैदानावर आपल्याच दोन संघांचा बंद दाराआड सराव सामना झाला. शार्दुलने तिथे नाबाद शतक ठोकलं आणि लीड्सच्या कसोटीत तो अकरा जणांत होता.

शार्दुलचं उदाहरण मी मुद्दाम दिलं. सराव सामने बंद करा, असं मला म्हणायचं नाही. सराव सामन्याची गरज कुणाला जास्त असते? ज्याची जागा पक्की आहे त्याला नाही. ज्याची जागा डळमळीत आहे त्याला. मोठा खेळाडू म्हणू शकतो, मी येत नाही, थेट स्पर्धेला येतो. काठावरच्या खेळाडूला तेच दार असतं. म्हणून तो अर्धा दुखरा असला तरी येतो, पूर्ण जोर लावतो आणि मोडायची भीतीही त्यालाच जास्त असते.

आता आमच्या पोरांचा विचार करा. आमच्याकडे सगळेच काठावरचे. पक्की जागा कुणाची आहे?

वर सांगितलेल्या शिबिरात दुसरा एक पोरगा होता, न सोडता राहिलेला. त्याच्याबद्दल मी तेव्हा काही लिहिलं नाही. बातमी दांडी मारणाऱ्याची होते, थांबणाऱ्याची होत नाही. तो उत्तम पकड करायचा. शेवटच्या सराव सामन्यात, मातीच्या मैदानावर, ज्यातले खडे सकाळी पोरांनीच वेचले होते, समोरच्याचा घोटा धरताना दोघे अंगावर पडले आणि याचा गुडघा फिरला. तिथे बर्फ नव्हता. कुणाच्या तरी मोटरसायकलवर मध्ये बसवून नेला. सूज उतरेना म्हणून पंधरा दिवसांनी नाशिकला नेला तेव्हा कळलं, आतला लिगामेंट तुटलाय, ऑपरेशन करावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून बाप त्याला घेऊन परत आला. आयोजकांकडे गेले तर ते म्हणाले, आम्ही कुणाला जबरदस्तीने बोलावलं नव्हतं. वरच्यांकडे गेले तर ते म्हणाले, सराव सामना आमच्या नोंदीत नाही. अधिकृत स्पर्धा असती तर बघितलं असतं.

ही ओळ नीट वाचा. सराव सामना नोंदीत नाही. त्यात पोराचा पाय गेला तर तोही कुणाच्या नोंदीत नाही.

नुसती कबड्डी गेली असती तर तो सावरला असता. आमच्याकडचा पोरगा कबड्डी का खेळतो, हे शहरातल्यांना कळत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, त्या प्रमाणपत्रासाठी खेळतो. आणि दुसरीकडे पोलीस भरतीची तयारी करतो. 1600 मीटर धावणं, 100 मीटर, गोळाफेक. गुडघा गेला की प्रमाणपत्र गेलं आणि भरतीही गेली. एका संध्याकाळी दोन्ही दारं बंद. आज तो माणूस लंगडत नाही, वरून बघितलं तर धडधाकट दिसतो. पण डोक्यावर ओझं घेऊन उतारावरून उतरताना एक पाय जपून टाकतो. मला तो दिसला की मी गाडी हळू करतो.

एक जण शिबिर सोडून भट्टीवर गेला, त्याला मी पेपरात झोडपलं. दुसरा राहिला, त्याचा गुडघा गेला, त्याची मी दोन ओळींचीही बातमी केली नाही. आता सांगा, शहाणा कोण ठरला?

काही जण म्हणतील, तुम्ही कोट्यवधींचे करार आणि आमचं मातीतलं मैदान एका मापाने मोजताय. उलट आहे. पॉल जॉर्जचा पाय मोडला तेव्हा त्याच्या घरची चूल विझणार नव्हती, तरीही त्याच्यासाठी आधीच सगळी तजवीज होती. ज्याची चूल खरोखर त्या पायावर चालते त्याच्यासाठी काहीच नाही. सगळ्यात जास्त जोखीम सगळ्यात गरीब पोराने घ्यायची, आणि नाही म्हणाला की त्याला माजोरडा म्हणायचं, हा कुठला न्याय?

दुसरे म्हणतील, सरकारचा वीस रुपयांचा विमा आहे ना. आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, वर्षाला 20 रुपये, चांगली योजना आहे, सगळ्यांनी काढा. पण ती अपघाती मृत्यूला आणि कायमच्या अपंगत्वाला पैसे देते. लिगामेंटच्या ऑपरेशनचं बिल त्यात भागत नाही. खेळात होणाऱ्या दुखापती बहुतेक अशाच असतात, ना मेल्यात ना धड जगण्यात.

तिसरे म्हणतील, पैसा कुठून आणायचा? या प्रश्नावर मात्र मला बोलायचंच आहे. तालुक्यातल्या कुठल्याही मोठ्या स्पर्धेचं मैदान आठवा. पाच फूट उंचीची ट्रॉफी. चारही बाजूंनी पुढाऱ्यांचे बॅनर. डीजे. रात्रीची लाइट. पाहुण्यांना शाल, श्रीफळ. मी स्वतः अशा कार्यक्रमांत शाल घेतलेली आहे, म्हणून मीही त्यात आलो. यातली एक ट्रॉफी कमी केली, बॅनर अर्धे केले, तर स्पर्धेत उतरणाऱ्या पोरांचा गटविमा काढायला सुरुवात नक्की करता येईल.

माझं म्हणणं मोठं नाही. चार गोष्टी.

एक, निवड चाचणी आणि तिच्याआधीचा प्रत्येक सराव सामना कागदावर नोंदवा. तारीख, मैदान, खेळणाऱ्यांची नावं, जबाबदार माणसाची सही. नोंदीत नसलेला सामना खेळवायचाच नाही.

दोन, नाव नोंदवतानाच गटविमा, आणि त्यात हॉस्पिटलचा खर्च धरलेला आहे की नाही हे आधी वाचून घ्या. विमा नसेल तर खेळाडूला नाही म्हणायचा हक्क आहे, आणि तो नाही म्हणाला म्हणून त्याचं नाव चाचणीतून कापायचं नाही.

तीन, मैदानावर बर्फ, पट्ट्या, स्ट्रेचर आणि एक गाडी. डीजेवाला वेळेवर येतो, तर गाडीही येऊ शकते.

चार, ही आमच्या जातभाईंसाठी, म्हणजे पत्रकारांसाठी. खेळाडू आला नाही ही बातमी करण्याआधी त्याच्या घरी जाऊन या. मी गेलो नव्हतो.

ग्रुपवरच्या त्या चढाईपटूला मी परवा फोन केला. म्हटलं, का येत नाहीस? तो म्हणाला, ''काका, गुडघा जरा कुरकुरतोय. चाचणीला एक दिवस पुरेल. चार दिवस सरावात घातले नि मोडला, तर विचारायला कोण येल?'' फॉक्सने जे केलं तेच त्याने केलं. आपला पाय आपणच जपायचा, एवढा हिशेब त्याला कळतो. त्याला शिव्या देणाऱ्या शंभर मेसेजपैकी एकानेही विचारलं नव्हतं, की बाबा, पाय कसा आहे?

एसटी स्टँडवरच्या पोराला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. तो आता पोराबाळांचा बाप आहे, भट्टीवर अजून जातो. हे वाचत असेल किंवा कुणी वाचून दाखवेल तर सांगतो, ती चौकट चुकली होती. उचल माझा पेपर फेडणार नव्हता, आणि मी ती लिहायला नको होती.

पटलं नसेल तर खाली लिहा, वाद घाला. आणि तुमच्या गावच्या मंडळाने पुढच्या स्पर्धेत पोरांचा विमा काढला तर मला कळवा. त्याची बातमी मी करीन, चौकटीत.

– वांगणीहून